ताज्या हिमाचे वाचन : एका अंदाजाचा इतिहास



या स्मृतिव्याख्यानासाठी मी निवडलेला विषय आपल्या परिसराशी विसंगत वाटण्याचा संभव आहे. पांढुर्णा आणि सौंसर ही सातपुड्याच्या दक्षिण अंगाची, जाम आणि कन्हान या नद्यांच्या काठची, संत्र्याच्या बागांची भूमी. येथे हिम पडत नाही. गोठलेले पाणी आपल्या माहितीचे आहे ते गारांच्या रूपाने. माघ-फाल्गुनात गारपीट झाली की आंबिया बहार मातीत मिळतो, आणि बागाईतदार कपाळाला हात लावून बसतो. मग हिमवर्षावानंतर कोसळणाऱ्या हिमकड्यांचा इतिहास या व्यासपीठावरून कशासाठी सांगावा?

त्याची दोन कारणे आहेत. पहिले कारण व्यवहारातले. आपल्या भागातल्या शाळांतून बाहेर पडलेली मुले आज लष्करात आणि सीमा दलांत आहेत. हौशी पदभ्रमणासाठी हिमालयात जाणाऱ्या मराठी तरुणांची संख्याही वाढत आहे. पुण्याच्या 'गिरिप्रेमी' संस्थेने २०१२ साली एव्हरेस्टवर आणि २०१९ साली कांचनजंगावर यशस्वी मोहिमा नेल्या, तेव्हापासून मराठी घरांत हिमशिखरांविषयी आपलेपणा निर्माण झाला आहे. दुसरे कारण इतिहासाच्या अभ्यासातले. नुकत्याच पडलेल्या हिमावर पाऊल टाकावे की न टाकावे, हा अंदाज माणूस कसा बांधत आला आणि तो अंदाज कोणी ऐकला, कोणी ऐकला नाही, हा प्रश्न केवळ पर्वतारोहणाचा नाही. ज्ञान आणि अधिकार यांच्या परस्परसंबंधाचा तो एक बोलका नमुना आहे.

१. भाषा आणि निरीक्षण

आयुष्यभर मराठीचे अध्यापन केलेल्या माणसाने प्रारंभी शब्दांकडे पाहावे, हे स्वाभाविकच होय. पावसाच्या बाबतीत आपली भाषा अतिशय संपन्न आहे. वळीव, झड, सर, भुरभुर, रिमझिम, मुसळधार. शिवाय मृगाचा, आर्द्राचा, हस्ताचा पाऊस निराळा. पाऊस थांबल्यावर जमिनीची जी अवस्था येते तिला आपण 'वाफसा' म्हणतो. काळ्या जमिनीत वाफसा आला की नाही हे शेतकरी वरच्या ओलीवरून ठरवीत नाही. तो बोटांनी खालची माती उकरतो, मुठीत दाबतो, ढेकूळ फुटते की चिकटून राहते ते पाहतो. जमिनीचे वरचे रूप आणि आतली स्थिती एक नसते, हे त्याला ठाऊक असते.

हिमाच्या बाबतीत मात्र आपला शब्दसंग्रह अगदी तोकडा आहे. सरबतातला खडा, कारखान्यातली लादी आणि आकाशातून उतरणारे भुरभुरीत कण, या सर्वांना आपण फारसीतून आलेला 'बर्फ' हा एकच शब्द लावतो. 'हिम' हा संस्कृत शब्द काव्यात आणि भूगोलाच्या पुस्तकात राहिला. ज्या वस्तूशी रोजचा संबंध नाही तिचे भेद भाषा टिपत नाही, यात दोष काही नाही. परंतु मैदानातला माणूस हिमाच्या प्रदेशात जातो तेव्हा ही उणीव त्याच्याबरोबर जाते. त्याला सगळीकडे एकच पांढरा रंग दिसतो. वाफशाची दृष्टी तो घरी विसरून जातो.

२. थरांचे शास्त्र

पुढचा इतिहास समजण्यासाठी थोडे शास्त्र सांगणे अवश्य आहे. डोंगरउतारावरचे हिम एकसंध नसते. हिवाळ्यातला प्रत्येक हिमवर्षाव एक नवा थर घालतो. दोन वर्षावांच्या मधल्या काळात ऊन, वारा आणि थंडी त्या थरांचे रूप पालटतात. हिमाचा थर पातळ आणि रात्री कडाक्याच्या असल्या की खालच्या, तुलनेने उबदार जमिनीकडून वाफ वर सरकते आणि तळाचे कण खडीसाखरेसारखे टोकदार, परस्परांना न चिकटणारे बनतात. निरभ्र रात्री पृष्ठभागावरही दवासारखे स्फटिक धरतात आणि पुढच्या वर्षावाखाली गाडले जातात. हे कच्चे थर होत. त्यांच्यावर वाऱ्याने दाबलेले नवे हिम बसले की ते एखाद्या लादीसारखे घट्ट होते. वरून चालणाऱ्याला ती घट्ट लादी भरवशाची वाटते. प्रत्यक्षात ती सुट्या खड्यांवर ठेवलेली असते. माणसाच्या वजनाने कच्चा थर एके ठिकाणी मोडला की ती मोड क्षणार्धात दूरवर पसरते आणि सबंध लादी उतारावरून निसटते.

अशा लादी सुटण्याचा धोका ३० ते ४५ अंशांच्या उतारांवर सर्वांत अधिक असतो. त्याहून सपाट जागी ती सहसा सरकत नाही. फार उभ्या कड्यावर हिम साठतच नाही. वारा ज्या बाजूने वाहतो तिच्या उलट बाजूला हिम अधिक साचते, म्हणून तो उतार अधिक घातक. वर्षावाच्या वेळी आणि त्यानंतरचे एक-दोन दिवस विशेष धोक्याचे. कच्चा थर गाडला गेलेला असेल तर हा काळ आठवड्यांपर्यंतही लांबतो. चालताना पायाखालून दबका, पोकळ आवाज आला, किंवा पावलापासून तडा दूरवर धावताना दिसला, तर तो त्या उताराने दिलेला स्पष्ट इशारा समजावा आणि मागे फिरावे.

येथे गार आणि हिमस्खलन यांतला भेद ध्यानात घेतला पाहिजे. गार आभाळातून पडते. तिच्यापुढे बागाईतदाराचा इलाज चालत नाही. परंतु पदभ्रमण करणारे आणि गिर्यारोहक ज्या हिमस्खलनांत सापडतात, त्यांपैकी बहुतेक त्यांच्या स्वतःच्या किंवा त्यांच्या सोबत्यांच्या वजनानेच सुटलेली असतात. ही आपत्ती पुष्कळदा माणसाच्या निर्णयातून जन्मते. तिला इतिहास आहे तो त्याचमुळे.

३. ७ जून १९२२

या इतिहासातला आपल्या हिमालयाशी निगडित असा महत्त्वाचा दिवस म्हणजे ७ जून १९२२. ब्रिगेडियर जनरल चार्ल्स ब्रूस यांच्या नेतृत्वाखाली ब्रिटिश मोहीम तिबेटच्या बाजूने एव्हरेस्टवर गेली होती. मे महिन्यातल्या दोन प्रयत्नांत गिर्यारोहकांनी ८,००० मीटरांची मर्यादा प्रथमच ओलांडली होती. दुसऱ्या प्रयत्नात जॉर्ज फिंच आणि जेफ्री ब्रूस प्राणवायूच्या साहाय्याने सुमारे ८,३२० मीटरांपर्यंत पोहोचले होते. जूनच्या आरंभी पावसाळ्याची चाहूल लागली, तरीही तिसरा प्रयत्न करण्याचे ठरले.

३ जूनला तुकडी निघाली आणि लगेच जोरदार हिमवर्षावाने तिला अडविले. ६ जूनला ऊन पडले. एक दिवस थांबून ७ जूनला सकाळी आठच्या सुमारास जॉर्ज मॅलरी, हॉवर्ड सॉमरव्हेल आणि कॉलिन क्रॉफर्ड हे तिघे १४ भारवाहकांसह 'चांग ला' या सुमारे ७,००० मीटर उंचीच्या खिंडीकडे चढू लागले.

मॅलरी हा अडाणी किंवा बेफिकीर मनुष्य नव्हता, ही गोष्ट इतिहासकाराने आवर्जून नोंदवली पाहिजे. त्याने हिमाची परीक्षा केली होती. पायथ्याशी जो सर्वांत उभा उतार होता, तेथे चर पाडून नवे हिम सुटते का हे त्यांनी पाहिले. ते सुटले नाही. मग त्यांनी असा तर्क केला की, उभ्या उतारावर जे हिम टिकून राहिले ते वरच्या सौम्य उतारावर का सुटावे? शिवाय युरोपातल्या आल्प्स पर्वतातला अनुभव असा होता की, एक-दोन दिवसांच्या उन्हाने नवे हिम बसून घट्ट होते.

तर्क सुसंगत होता. परंतु त्याच्या मुळाशी असलेले गृहीत चुकीचे होते. खालच्या उतारावरचे हिम आणि वरच्या उतारावरचे हिम यांचे थर वेगळे होते. एका शेतातल्या ढेकळावरून शेजारच्या शेताचा वाफसा ठरवावा, तसाच हा प्रकार. दुपारी दीडच्या सुमारास, खिंड सुमारे ६०० फूट वर राहिली असताना, बंदुकीच्या दारूचा दबका स्फोट व्हावा तसा आवाज झाला आणि पायाखालचा उतारच चालू लागला. पुढच्या दोरावरचे तिघे इंग्रज आणि त्यांच्यासोबतचा भारवाहक थोडे खाली घसरून थांबले. त्यामागचे चौघेही वाचले. त्यांच्या मागच्या दोन दोरांवरचे नऊ जण मात्र एका हिमकड्यावरून खालच्या भेगेत फेकले गेले. दोघांना जिवंत बाहेर काढता आले. सात जण मरण पावले. एव्हरेस्टवरच्या गिर्यारोहणात नोंदले गेलेले हे पहिले मृत्यू होत.

त्याच मोहिमेत टॉम लाँगस्टाफ हा डॉक्टर होता. १९०५ साली मानससरोवराजवळच्या गुर्ला मांधाता पर्वतावर तो स्वतः हिमस्खलनात सापडून शेकडो फूट खाली गेला होता आणि दैव बलवत्तर म्हणून वाचला होता. हिमालयात ताज्या वर्षावानंतर असा उतार ओलांडणे हा निव्वळ अविचार होय, असे मत त्याने नंतर खाजगी पत्रात कठोर शब्दांत व्यक्त केले. तथापि आजाऱ्यांना घेऊन तो आधीच परत निघाला होता; त्या सकाळी तो तेथे नव्हता. म्हणजे ज्ञान मोहिमेत होते, निर्णयाच्या जागी नव्हते.

आणि जे १४ जण ओझी वाहत होते, त्यांचे मत काय होते? त्या दिवसाचे जे वृत्तांत पुढे प्रसिद्ध झाले ते साहेबांनी लिहिलेले. त्यांत चर आहे, तर्क आहे, शोक आहे. भारवाहकांना विचारल्याची नोंद नाही. मॅलरीने पत्नीला लिहिलेल्या पत्रात दोष आपल्याकडे घेतला. मेलेल्यांत एकही इंग्रज नसावा याची खंत सॉमरव्हेलने आपल्या आत्मकथनात नोंदवली. हा सॉमरव्हेल पुढे त्रावणकोरातल्या नेय्यूर येथे अनेक वर्षे रुग्णसेवा करीत राहिला. या माणसांच्या प्रामाणिकपणाविषयी शंका घेण्याचे कारण नाही. परंतु प्रामाणिक पश्चात्ताप आणि आधी विचारलेला प्रश्न यांत सात प्राणांचे अंतर होते.

याच कथेचा उत्तरार्ध १९२४ सालचा आहे. त्या वर्षीच्या मोहिमेत त्याच खिंडीवरच्या तळावर चार भारवाहक अडकून पडले आणि पुन्हा ताजे हिम साचले. २४ मे रोजी नॉर्टन, मॅलरी आणि सॉमरव्हेल शिखराचा बेत बाजूला ठेवून त्यांना आणण्यासाठी वर गेले. शेवटच्या धोकादायक उतारावर सॉमरव्हेल दोर बांधून एकटा पुढे सरकला. दोर काही हात तोकडा पडला, दोघे भारवाहक घसरले, तरीही चौघांना सुखरूप खाली आणले गेले. त्या वर्षी चढाईचा मार्गही १९२२ चा जीवघेणा उतार टाळून आखला होता. अनुभवाने माणूस शिकला, असे येथे म्हणता येते. पण त्या शिक्षणाचे मोल दुसऱ्यांनी आधीच चुकते केले होते.

४. दिलेला इशारा, नाकारलेला इशारा

१९२२ मध्ये अंदाज चुकला. पण अंदाज बरोबर असूनही अनर्थ टळत नाही, याचे उदाहरण त्याआधी सहा वर्षे युरोपात घडले होते. पहिल्या महायुद्धात ऑस्ट्रिया आणि इटली यांची सैन्ये आल्प्सच्या शिखरांवर समोरासमोर होती. मार्मोलादा पर्वताच्या उताराखाली ऑस्ट्रियन सैनिकांच्या लाकडी बराकी होत्या. शत्रूच्या तोफांपासून ती जागा सुरक्षित होती. डिसेंबर १९१६ मध्ये अतोनात हिम पडले. तेथला अधिकारी कॅप्टन रुडॉल्फ श्मिड याने वरिष्ठांना लेखी कळविले की, वर साचलेले हिम कोसळण्याचा धोका आहे, छावणी हलवावी. विनंती फेटाळण्यात आली. १३ डिसेंबरच्या पहाटे हिमकडा बराकींवर आला आणि अडीचशेहून अधिक सैनिक गाडले गेले.

तोफेचा धोका वरिष्ठांना दिसत होता, हिमाचा दिसत नव्हता. ज्याला दिसत होता त्याचा दर्जा कमी होता. हिमाच्या इतिहासात हा प्रसंग पुनःपुन्हा भेटतो.

५. शास्त्राचा उदय

या अनुभवांतून हळूहळू शास्त्र उभे राहिले. १९३६ हे वर्ष त्या दृष्टीने लक्षणीय आहे. त्या वर्षी स्वित्झर्लंडमध्ये दाव्होसच्या वर, वाइसफ्लूयोख येथे, संशोधकांनी हिमाच्याच खोलीत थरांचा अभ्यास सुरू केला. त्याच वर्षी जपानमध्ये उकिचिरो नाकाया यांनी प्रयोगशाळेत कृत्रिम हिमस्फटिक तयार केला, आणि इंग्लंडात जेराल्ड सेलिग्मन यांचा हिमरचनेवरचा ग्रंथ प्रसिद्ध झाला. हिमात खड्डा खणायचा, भिंत सरळ कापायची, प्रत्येक थराची कठिणता, कणांचा आकार आणि तापमान नोंदवायचे, ही पद्धत रूढ झाली. पुराणवस्तुशास्त्रज्ञ उत्खननात थर वाचतो तसे हे वाचन होते: सगळ्यांत खाली हिवाळ्याचा आरंभ, सगळ्यांत वर कालची रात्र.

१९५०-५१ च्या हिवाळ्यात आल्प्समध्ये भीषण हिमस्खलने झाली. त्यानंतर धोक्याचे नकाशे आणि संरक्षक बांधकामे यांना गती मिळाली. १९९३ साली युरोपातल्या देशांनी पाच पायऱ्यांची एकच धोकामापक श्रेणी स्वीकारली. पर्वतात जाणारा मनुष्य आता घरून निघण्यापूर्वीच त्या दिवसाची पायरी पाहू शकतो.

तरीही अपघात थांबले नाहीत. अमेरिकेतील इयन मॅकॅमन यांनी २००४ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात १९७२ ते २००३ या काळातले ७१५ अपघात तपासले. अनेक बळींना धोक्याची चिन्हे ठाऊक होती. प्रशिक्षणही झालेले होते. परंतु वाट ओळखीची आहे, ठरविलेला बेत मोडवत नाही, सोबतचा जाणता मनुष्य म्हणतो आहे, दुसरे लोक आधी गेले आहेत, अशा कारणांनी त्यांनी डोळ्यांपुढची चिन्हे बाजूला सारली. १९२२ ची सकाळ येथे पुन्हा भेटते. मॅलरीनेही उताराला प्रश्न विचारला होता. परंतु जाण्याचा निश्चय झाल्यावर.

६. भारतातील प्रयत्न

स्वतंत्र भारतात या अभ्यासाची संघटित सुरुवात १९६९ साली झाली. संरक्षण संशोधन आणि विकास संघटनेच्या आश्रयाखाली मनाली येथे हिम आणि हिमस्खलन अध्ययन संस्था स्थापन झाली. सीमेवरच्या रस्त्यांची आणि चौक्यांची ती गरज होती. मार्च १९७९ मध्ये लाहौल खोऱ्यात झालेल्या हिमस्खलनांत दोनशेहून अधिक माणसे दगावली, तेव्हा या ज्ञानाची निकड नागरी जीवनालाही असल्याचे दिसून आले. २०२० साली या संस्थेचे दुसऱ्या एका प्रयोगशाळेशी विलीनीकरण होऊन चंडीगड येथे मुख्यालय असलेली नवी संस्था अस्तित्वात आली. हिमालयातील विविध भागांसाठी हिमस्खलनाचे इशारे तेथून दिले जातात.

सियाचीनवर १९८४ पासून आपले सैन्य उभे आहे, आणि तेथे शत्रूच्या गोळीपेक्षा निसर्गानेच अधिक बळी घेतले आहेत. ३ फेब्रुवारी २०१६ रोजी १९,६०० फुटांवरील सोनम चौकीवर हिमाची प्रचंड भिंत कोसळून दहा जवान गाडले गेले. त्यांत सातारा जिल्ह्यातला एक जवान होता. धारवाड जिल्ह्यातले लान्स नायक हणमंतप्पा कोप्पद सहाव्या दिवशी जिवंत सापडले, तेव्हा सारा देश थक्क झाला. ११ फेब्रुवारीला त्यांची प्राणज्योत मालवली. या घटनेचा अर्थ सावधपणे लावला पाहिजे. गाडल्या गेलेल्या माणसाला वाचण्याची खरी संधी पहिल्या दहा-पंधरा मिनिटांतच असते. नंतर ती झपाट्याने घटते. हणमंतप्पा हा अपवाद होय. अपवादाचा गौरव करावा, त्याच्यावर विसंबू नये.

४ ऑक्टोबर २०२२ रोजी उत्तरकाशीच्या नेहरू गिर्यारोहण संस्थेची प्रशिक्षणार्थी तुकडी 'द्रौपदी का डांडा' या शिखरावर हिमस्खलनात सापडली. २७ जणांचे मृतदेह मिळाले, दोघे बेपत्ता राहिले. त्याच वर्षीच्या मे महिन्यात १६ दिवसांत एव्हरेस्ट आणि मकालू सर करणारी प्रशिक्षिका सविता कंसवाल त्यांत मृत्युमुखी पडली. ज्यांना हिम वाचायचे शिकायचे होते ते शिकणारे, आणि ज्यांना ते येत होते ते शिकविणारे, दोघेही एकाच उतारावर होते. कौशल्य आणि सुरक्षितता या दोन भिन्न गोष्टी आहेत, हे यावरून उमगावे.

७. आपल्या डोंगरांकडे

हिमाचा हा इतिहास आपल्याला परका राहू नये म्हणून सह्याद्रीकडे एकवार पाहू. तेथे हिम नाही. पण खडकावरची माती, तिच्यात मुरणारे पाणी आणि उतार यांचा हिशोब थोडाफार असाच आहे. वरून पडणारा भार वाढतो, आतली पकड सुटते, आणि जे वर्षानुवर्षे स्थिर वाटले ते एका रात्रीत खाली येते. ३० जुलै २०१४ रोजी आंबेगाव तालुक्यातले माळीण गाव गाडले गेले आणि १५१ माणसे गेली. नेहमीच्या फेरीवर आलेल्या एस.टी. चालकाला गावच दिसेना, तेव्हा जगाला ही वार्ता कळली. १९ जुलै २०२३ च्या रात्री खालापूर तालुक्यातली इर्शाळवाडी ही ठाकर आदिवासींची वस्ती दरडीखाली सापडली. २७ मृतदेह मिळाले, ५७ जण बेपत्ता राहिले. दरडप्रवण गावांच्या सरकारी यादीत इर्शाळवाडीचे नाव नव्हते.

यादी आवश्यक असते, श्रेणी आवश्यक असते, यंत्रे आवश्यक असतात. परंतु मॅलरीने पाडलेला चर जसा एका जागेपुरता खरा होता, तशी यादीही ती करणाऱ्याच्या नजरेपुरती खरी असते. उतार यादी वाचत नाही. त्या उताराखाली राहणारा, त्यावर ओझे वाहणारा, त्यावर पहारा देणारा मनुष्य रोज काही पाहत असतो: नवी भेग, बदललेला झरा, वाऱ्याची फिरलेली दिशा, पायाखालचा पोकळ आवाज. त्याचे पाहणे निर्णयाच्या टेबलापर्यंत पोहोचण्याची वाट आहे की नाही, यावर पुष्कळसे अवलंबून असते.

समारोप

श्रोतेहो, या शंभर वर्षांच्या इतिहासातून मला दिसते ते असे. ताज्या हिमाचा अंदाज बांधण्याची विद्या दोन भागांची आहे. पहिला भाग वाचनाचा: किती पडले, वारा कोणत्या बाजूचा, उतार किती अंशांचा, खालचा थर कच्चा की पक्का. हा भाग शिकता येतो, शिकविता येतो, आणि हिमालयात जाणाऱ्या प्रत्येक तरुणाने तो शिकलाच पाहिजे. दुसरा भाग ऐकण्याचा: तुकडीतल्या सर्वांत धाकट्याने, ओझेवाल्याने किंवा कनिष्ठ शिपायाने 'थांबा' म्हटले तर थांबण्याची रीत आपण घालून ठेवली आहे का? मार्मोलादाच्या बराकींत पहिला भाग होता, दुसरा नव्हता. १९२२ साली चांग लाच्या उतारावर पहिला अपुरा होता आणि दुसऱ्याचा विचारही कोणाच्या मनात आला नव्हता.

शाळा या दोन्ही गोष्टी शिकवू शकते. निरीक्षण ती शिकवतेच. मागच्या बाकावरच्या विद्यार्थ्याची शंका ऐकून घेण्याची सवयही शाळेतच लागते किंवा लागत नाही. वाफसा पाहिल्यावाचून तिफण न जुंपणाऱ्या शेतकऱ्यांची ही मुले आहेत. ती जेव्हा बर्फाच्या प्रदेशात जातील, तेव्हा वरच्या शुभ्र लादीवर भुलू नये, आणि सोबत्याचा शब्द वाऱ्यावर सोडू नये, एवढीच अपेक्षा.